दोन कुंभार आणि भाताचं एक वाडगं

(धाराशिव इथल्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



विषय कळवला त्याच संध्याकाळी संयोजकांचा फोन आला. “सर, पत्रिकेवर ‘भुताचा सिनेमा’ असंच छापायचं का?” म्हटलं, तसंच छापा. ज्या गुरुजींच्या नावानं ही माला चालते ते आम्हाला वर्गात म्हणायचे, की गोष्ट खरोखर कळली का हे तपासायचं असेल तर ती आपल्या गावच्या बोलीत सांगून पाहावी. आज तेच करणार आहे. गोष्ट जपानची आहे, सत्तरहून जास्त वर्षांपूर्वीची. मी ती तेरच्या मातीत कालवून सांगणार आहे.

चित्रपटाचं नाव ‘उगेत्सु मोनोगातारी’. पाऊस आणि चांदणं यांच्या गोष्टी, असा त्याचा साधारण अर्थ. दिग्दर्शक केंजी मिझोगुची. १९५३ साली तो प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला रौप्य सिंह मिळाला. नाव घेतलंय उएदा आकिनारी या लेखकाच्या १७७६ साली छापलेल्या नऊ भूतकथांच्या पुस्तकावरून. त्यातल्या दोन कथा पटकथेत एकत्र विणल्या आहेत. एका कथेत वाट पाहून मेलेली बायको आहे, दुसरीत पुरुषाला भुलवणारी नागीण.

काळ सोळाव्या शतकाच्या शेवटाचा. बिवा सरोवराच्या काठी एक खेडं आहे. तिथं गेंजुरो नावाचा कुंभार राहतो. बायको मियागी, लहानगा मुलगा गेनइची. सरदारांच्या लढाया चालू आहेत आणि लढाईच्या दिवसांत शहरात भांड्यांना भाव येतो. गेंजुरो एकदा भांडी विकून पैसे घेऊन येतो, बायकोला नवा किमोनो आणतो, आणि तिथून त्याच्या डोळ्यांवर झापड येते. आता आणखी भांडी, आणखी पैसा. मियागी चाक फिरवते, तो मातीला आकार देतो. पोरगं जवळ आलं की खेकसतो. आवा पेटलेला असतानाच गावात सैन्य शिरतं. माणसं डोंगरात पळतात, आणि हा आव्यापाशी परत येतो. बायकोपोरांपेक्षा त्याला आव्यातल्या भांड्यांची काळजी.

आपल्या आधीच्या पिढीला हे दृश्य समजावून सांगावं लागलं नसतं. १९४८ साली रझाकारांच्या धास्तीनं या भागातली कितीतरी कुटुंबं चुलीवरचं चुलीवर ठेवून बार्शीच्या बाजूला, निजामाच्या सरहद्दीपलीकडं गेली होती. जपानी प्रेक्षक १९५३ साली थेटरात बसला तेव्हा त्याचंही युद्ध संपून आठच वर्षं झाली होती. पडद्यावरचे सैनिक जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीचे होते, पण पळणारी माणसं त्याच्या ओळखीची होती.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. होडीतून सरोवर ओलांडताना धुक्यात एक होडी आडवी येते. आधी वाटतं भूतच. असतो तो मरणाच्या दारातला नावाडी. तो लुटारूंची खबर देतो. गेंजुरो बायकोपोराला काठावर उतरवतो आणि स्वतः बाजाराला जातो. तिथं वाकासा नावाची खानदानी तरुणी त्याची भांडी विकत घेते, वाड्यावर बोलावते. तो तिच्यात गुरफटतो, घर विसरतो. वाकासा मेलेली असते. तिचं घराणं लढाईत नामशेष झालेलं असतं. एक भिक्षू त्याला सावध करतो आणि त्याच्या अंगावर मंत्राक्षरं लिहून देतो. वाकासाला त्याला हात लावता येत नाही. सकाळी वाड्याच्या जागी जळके वासे असतात. गेंजुरो घरी परततो.

आता मी तेरला जातो.

तेर आपल्या जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठचं. जुनं नाव तगर. रोमशी व्यापार चालायचा त्या काळात ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या बरोबरीनं त्याचं नाव येतं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय तिथं आहे. त्यातल्या मातीच्या मूर्ती आणि दिवे पाहिले की या गावच्या हाताला माती दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे हे कळतं. आणि त्याच गावचे गोरोबाकाका, ज्ञानदेव-नामदेवांच्या काळातले.

त्यांची कथा महिपतींच्या ‘भक्तविजया’नं घरोघरी पोचवली. गोरोबा माती तुडवतायत, नामात तल्लीन आहेत. बायको संती पाण्याला गेलीय. रांगतं पोर चिखलात येतं आणि त्यांच्या पायाखाली तुडवलं जातं. त्यांना कळत नाही.

या दोन कुंभारांना शेजारी बसवायला मला बरीच वर्षं धीर झाला नाही. एक भक्तीत बुडालेला, दुसरा लोभात आणि मोहात. तुलना करणं पापच वाटायचं. पण एक गोष्ट दोघांत सारखी आहे आणि ती टाळता येत नाही. दोघांच्या घरात, हाताच्या अंतरावर, एक जीव होता आणि तो त्यांना दिसला नाही. मिझोगुचीचा चित्रपट मला जो कळला तो या एका वाक्यात कळला: जिवंतपणी ज्याच्याकडं आपलं लक्ष गेलं नाही, ते माणूस मेल्यावर भूत होऊन दिसतं.

भुतांविषयीचे रिवाज या नजरेनं बघा. आपल्याकडच्या भुतांची नावं घ्या. सोडमुंज व्हायच्या आत मेलेला मुलगा म्हणजे मुंजा. बाळंतपणात गेलेली ती अळवंत. मागं कुणी नसलेला, पैशात जीव अडकलेला समंध. ही भीतीची यादी दिसते खरी, पण नीट वाचली तर ती अर्धवट राहिलेल्या आयुष्यांची नोंदवही आहे. ज्यांच्या मरणाला समाजाला जागा देता आली नाही, त्यांना त्यानं निदान नाव दिलं. जपानी लोकांचंही तेच. वाकासाची म्हातारी दाई गेंजुरोला सांगते की पोरगी प्रेम म्हणजे काय हे न कळताच मेली, म्हणून परत आली. आपल्या आजीला हे ऐकवलं असतं तर ती एवढंच म्हणाली असती, “इच्छा राहिली गं बाई तिची.”

रूपाकडं या. जपानी चित्रांतलं भूत म्हणजे ‘यूरेई’. त्याच्या अंगात पांढरा किमोनो असतो, प्रेताला नेसवतात तसा, उजवी बाजू डावीवर आलेली. जिवंत माणूस कधीही असा नेसत नाही. केस मोकळे. बायकांचे केस एरवी घट्ट बांधलेले, मरणात तेवढे सुटायचे. आणि पाय नसतात. अठराव्या शतकातल्या मारुयामा ओक्यो या चित्रकाराच्या चित्रापासून ही बिनपायांची रीत रुळली असं सांगतात. आपल्या हडळीचेही केस मोकळेच. म्हणून तर तिन्हीसांजेला केस सोडून उंबऱ्यात बसलेल्या मुलीला घरची बाई ओरडते. पायांच्या बाबतीत मात्र आपण वेगळे. त्यांच्या भुताला पाय नाहीत, आपल्या भुताचे उलटे. त्यांचं भूत जमिनीपासून सुटलेलं आहे, आपलं जमिनीवरच आहे पण मागं मागं चालतं. कुठं जायचंय यापेक्षा कुठून आलो याकडं त्याचं तोंड आहे.

मिझोगुचीनं यातलं काय घेतलं? जवळजवळ काहीच नाही. त्याच्या भुतांना पाय आहेत. वाकासा झालेली माचिको क्यो ‘नो’ नाटकातल्या मुखवट्यासारखी दिसते. भुवया काढून टाकून कपाळावर उंच रेखलेल्या, चेहरा गुळगुळीत, चाल सरपटती. खानदानी स्त्रीची ती रीतच होती. म्हणजे भुताचा वेष तिनं केलेलाच नाही, ती आपल्या घराण्याच्या रितीत सजली आहे. वाड्यात तिच्या मेलेल्या बापाचा मुखवटा आहे. ती नाचायला लागते आणि त्या मुखवट्यातून बापाच्या गाण्याचा आवाज येतो. हे पाहताना मला आपले देव्हारे आठवले. पूर्वजांचे चांदीचे टाक आपण देवांच्या रांगेत बसवतो, सणाला त्यांना आंघोळ घालतो, नैवेद्य दाखवतो. तुळजापूरच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला अंगात येणंही नवं नाही. मेलेला बाप घरात बोलतो, यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.

आणि ती मंत्राक्षरं. जपानच्या बौद्ध देवळांत आजही संस्कृत बीजाक्षरं सिद्धम् लिपीत लिहितात. कबरीमागं लाकडी पट्ट्या उभ्या करतात, त्यांना ‘सोतोबा’ म्हणतात. शब्द आपलाच आहे, स्तूप. तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष निघाले. उन्हाळ्यात पितर घरी येण्याचा त्यांचा सण ‘ओबोन’. त्यामागची कथा मौद्गल्यायनाची. बुद्धाच्या या शिष्याला आपली मेलेली आई प्रेतयोनीत, भुकेनं व्याकूळ झालेली दिसते. तो तिला घास देतो तर त्याचा निखारा होतो. मग बुद्ध तिच्यासाठी अन्नदान करायला सांगतात. ओबोनला जपानी माणूस काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतो आणि वांग्याचा बैल करतो. पितरांनी येताना घोड्यावरून लवकर यावं आणि जाताना बैलावरून सावकाश जावं म्हणून. पोळ्याला कुंभाराकडून मातीचे बैल आणणाऱ्या आपल्या लेकरांना हा खेळ समजावून सांगावा लागणार नाही.

पण या चित्रपटातली सगळ्यात मोठी खूण यातली कुठलीच नाही. ती आहे भांडं.

माझे वडील गेले त्या वेळची गोष्ट सांगतो. मडकं आणायला मीच गेलो होतो. उन्हाळ्याचा माठ आम्ही ज्यांच्याकडून घ्यायचो, त्याच कुंभारकाकांकडं. सवयीनं मडकं उचललं आणि बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं. काकांनी हलकेच माझा हात धरला. म्हणाले, “हे वाजवायचं नसतं, मालक. हे फुटायलाच असतंय.” पैसे त्यांनी सांगितले नाहीत, मीही विचारले नाहीत, दिले तेवढे घेतले. स्मशानात ते मडकं पाण्यानं भरून खांद्यावर घेतलं. एक फेरी झाली की मागून दगडानं एक भोक. धार लागते, पाठ भिजते. तीन फेऱ्या, तीन भोकं. मग मडकं खांद्यावरून मागच्या मागं सोडायचं आणि वळून बघायचं नाही. तो आवाज मी पाठीनं ऐकला आहे.

जपानच्या पुष्कळ भागांत असाच रिवाज होता. माणूस गेला की त्याच्या रोजच्या वाडग्यात भाताची शीग लावून, त्यात जेवायच्या काड्या उभ्या खोवून, उशाशी ठेवायचं. म्हणूनच एरवी जेवताना भातात काड्या उभ्या खोवणं तिथं अभद्र मानतात. आणि प्रेत घराबाहेर निघालं की ते वाडगं फोडून टाकायचं. तुझं इथलं जेवण संपलं, आता परतू नकोस, असा त्याचा अर्थ. दोन देश, दोन धर्म, पण मेलेल्याचा निरोप दोघंही कुंभाराच्या हातची वस्तू फोडूनच घेतात. कुंभारच पुन्हा नवी घडवतो. ज्या जातीच्या हातात जन्मलग्नाची सुगडं आणि मरणाचं मडकं दोन्ही आहेत, त्या जातीच्या माणसाला मिझोगुचीनं भूतकथेचा नायक केलं, हे मला योगायोगाचं वाटत नाही.

वाकासाच्या वाड्यात गेंजुरोला पेय मिळतं ते त्यानंच घडवलेल्या पेल्यांतून. आपली मातीची भांडी त्या नाजूक हातांत पाहून तो हरखतो. आपली किंमत कुणाला तरी कळली, असं त्याला वाटतं. मोहाचं मूळ तिथं आहे. वाकासा त्याला रूपानं जिंकते त्याआधी कौतुकानं जिंकते. घरी मियागी रोज त्याच्या चाकाला हात लावत होती, पण तिनं भांड्याचं कौतुक केलं असेल तरी ते त्याला ऐकू गेलं नसावं.

आणि मियागीचं काय झालं? पोराला पाठीवर बांधून ती गावाकडं निघते. वाटेत एक म्हातारी तिला थोडं खायला देते. हरलेल्या सैन्यातले भुकेले शिपाई तिला गाठतात, ते अन्न हिसकावतात आणि तिला भाला भोसकतात. पोर पाठीवरच असतं. ती बाई मूठभर अन्नासाठी मरते.

आता शेवटाकडचं दृश्य, ज्यासाठी मी हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतो. रात्री गेंजुरो घरात शिरतो. घर ओसाड आहे, चूल विझलेली. हाक मारत तो मागच्या दारानं बाहेर पडतो आणि घराला वळसा घालतो. कॅमेरा आतच थांबतो, भिंतीतून दिसणाऱ्या त्याच्या मागं मागं फिरतो. तो पुढच्या दारात पोचतो तेव्हा त्याच खोलीत जाळ लागलाय आणि चुलीपाशी मियागी बसली आहे. कुठंही तोडजोड नाही, एकच सलग दृश्य. छायालेखक काझुओ मियागावा. किनुयो तानाका मियागी झाली आहे. ती रागवत नाही, जाब विचारत नाही. जेवण वाढते. तो झोपल्यावर त्याचे फाटके कपडे शिवत बसते. सकाळी गावचा मुखिया येतो, तेव्हा कळतं की ती केव्हाच मेली.

आपल्या पंचांगात तिच्यासाठी तिथी आहे. पितृपंधरवड्यातली अविधवा नवमी, नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णीची. त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात, तिची ओटी भरतात. चित्रपटात उलट घडतं. गेलेली सवाष्णच जिवंत नवऱ्याला जेवू घालते. एक भूत घ्यायला आलं होतं, दुसरं वाढायला आलं.

इथं मला एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. संतांच्या मेळ्यात गोरोबांनी सगळ्यांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं, कोण कच्चं ते सांगितलं, नामदेव कच्चे निघाले, ही कथा आपण कौतुकानं सांगतो. गेंजुरोही चित्रपटाच्या शेवटी पक्का होतो. चाकावर बसतो, नेटानं काम करतो, मियागीचा आवाज त्याला ऐकू येतो. पण पुरुषाचं मडकं पक्कं व्हायला आव्यात जळण कुणाचं पडलं? मिझोगुचीला हे ठाऊक होतं. घरच्या गरिबीत त्याची बहीण दुसऱ्यांकडं दिली गेली, पुढं ती गेइशा झाली, आणि तिच्या कमाईवर भावाचे दिवस निघाले. आयुष्यभर त्यानं बायकांचे चित्रपट केले त्यामागं हे ऋण होतं असं जाणकार मानतात. तेरच्या कथेत निदान एवढी दया आहे की संती विठ्ठलाला साकडं घालते आणि पंढरपूरच्या कीर्तनात पोर रांगत येतं. बिवाच्या काठी विठ्ठल नाही. तिथं मेलेलं माणूस एका रात्रीपुरतं येतं आणि उजाडल्यावर काम उरतं.

या जिल्ह्यात बसून मरणाच्या विधींबद्दल बोलायचं आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट वगळायची, हे शक्य नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसं झोपली होती. चार वाजायला चार मिनिटं असताना जमीन हलली. किल्लारी तिकडं लातूर जिल्ह्यात, पण आपलं सास्तूर आणि लोहारा-उमरग्याकडची गावंही दगडमातीच्या भिंतींखाली गेली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून हजारो माणसं दगावली. पाऊस चालू होता. एकेका चितेवर अनेकांना ठेवावं लागलं. कुणाच्या खांद्यावर मडकं, कुणाच्या तीन फेऱ्या? आणि दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा लागला. विधी करायला ज्यांनी जगायचं तेच पितर झाले होते.

निरोपाविना गेलेली माणसं तिकडंही आहेत. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानच्या इशिनोमाकी शहरातल्या काही टॅक्सीचालकांनी सांगितलं, की कुणीतरी गाडीत बसतं, बुडालेल्या वस्तीचा पत्ता सांगतं आणि मागं पाहावं तर सीट रिकामी. एका विद्यार्थिनीनं त्यांच्याशी बोलून हे नोंदवलं. तिच्याशी बोलताना त्या चालकांच्या सुरात भीतीपेक्षा आपुलकी जास्त होती. पुन्हा कुणी असं भेटलं तर गाडीत घेऊ, असंही त्यांच्यातले काही म्हणाले.

भूत खरं की खोटं, असा प्रश्न शेवटी मला कुणीतरी विचारणारच. त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही, पण एक अनुभव आहे. आईच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. तासभर झाला. धाकट्या बहिणीचं लग्न करतो, शेत विकणार नाही, भाऊ भांडणार नाही, सगळ्या कबुल्या देऊन झाल्या. पुरणपोळी होती, वडे होते, खीर होती. शेवटी शेजारच्या काकू घरी जाऊन एका वाटीत ताकात कुस्करलेली शिळी भाकरी घेऊन आल्या. म्हणाल्या, “तिला हे लागायचं रोज.” कावळा आला. का आला ते कावळ्याला ठाऊक. पण आम्ही चार लेकरं तिथं मान खाली घालून उभे होतो. ताजी भाकरी आम्हाला पुरावी म्हणून ती शिळी खाते, असंच आम्ही समजत होतो. तिला ती आवडायची की सवयच झाली होती, हे आमच्यातल्या एकानंही चाळीस वर्षांत विचारलं नव्हतं. कावळा न शिवल्याचा तो तास मला आता शकुन वाटत नाही, परीक्षा वाटते. आई आम्हाला तोंडी विचारत होती आणि आम्ही चौघंही नापास झालो होतो.

‘उगेत्सु’चा शेवट सांगतो आणि थांबतो. गेंजुरो कामात आहे. गेनइचीला खायला वाढलं जातं. पोरगं ते वाडगं घेऊन आईच्या कबरीकडं धावतं, तिथं ठेवतं आणि हात जोडतं. कॅमेरा वर उचलला जातो, पलीकडच्या शेतात माणसं राबताना दिसतात. संपलं. समीक्षक या उचललेल्या कॅमेऱ्याबद्दल पुष्कळ लिहितात. मी त्या पोराकडं बघतो. त्याला नैवेद्याचा विधी कुणी शिकवलेला नाही. आईला काय हवं हे त्याला कुणाला विचारावं लागत नाही. ती भुकेली गेली, हे त्याला ठाऊक आहे. तेव्हा तो तिच्या पाठीवर होता.